जुन्या गेम्सच्या पुनरागमनाचे अंदाज : त्यांची दखल घ्यायला हवी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केल्यापासून व्हिडिओ गेम हा विषय मराठी वृत्तपत्रांत वरचेवर येऊ लागला आहे. मात्र ही चर्चा पैसे लावून खेळायची ॲप, व्यसन आणि पालकांची चिंता यांच्या पलीकडे क्वचितच जाते. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु ज्यांत पैजेचा लवलेशही नाही, जे संगणकासमोर बसून एकट्याने खेळायचे असतात आणि ज्यांना आता वीस-पंचवीस वर्षे होऊन गेली आहेत, अशा गेम्सच्या पुनर्प्रकाशनाविषयी जगभरचे खेळाडू सतत अंदाज बांधत असतात. त्या अंदाजांकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. गॉग या डिजिटल दुकानात यापुढे कोणता जुना गेम येणार, यावर तावातावाने चर्चा करणाऱ्यांना रिकामटेकडे ठरवणे सोपे आहे. मला मात्र ही चर्चा मोलाची वाटते, कारण तिच्यातूनच काही गेम्स खरोखर परत आले आहेत आणि जे येऊ शकत नाहीत ते का येत नाहीत, हेही तिच्यातूनच लोकांसमोर आले आहे.

ज्यांना हे दुकान ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पोलंडमध्ये १९९४ साली मार्चिन इविन्स्की आणि मिहाऊ किचिंस्की या दोन शाळासोबत्यांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी सुरू केली. त्या काळी तेथील बाजारांत परदेशी गेम्सच्या चोरट्या प्रती उघडपणे विकल्या जात होत्या. १९९९ मध्ये या कंपनीने ‘बाल्डर्स गेट’ हा गेम पोलिश भाषेत, पोलिश कलाकारांच्या आवाजांसह आणि भरगच्च खोक्यात बाजारात आणला, आणि चोरट्या प्रतीहून अस्सल प्रत अधिक मोलाची वाटली तर लोक खुशीने पैसे मोजतात, हे तिच्या अनुभवास आले. याच विश्वासावर २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ हे दुकान उघडले गेले. त्याचेच पुढे गॉग झाले. त्याचा मुख्य नियम एकच होता आणि आजही आहे : येथे विकला जाणारा गेम डीआरएमविना मिळेल. डीआरएम म्हणजे गेम चालवणारा ग्राहक अधिकृत आहे की नाही हे तपासणारी यंत्रणा. कधी ती सीडी मागते, कधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारते. गॉगवर विकत घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल आपण उतरवून घेतो, हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवतो, आणि उद्या इंटरनेट नसले, खाते बंद झाले किंवा दुकानच उरले नाही, तरी ती फाइल चालते.

या एका नियमामुळे या दुकानातल्या प्रत्येक नव्या आगमनाला निराळे वजन येते. इतरत्र एखादा गेम विक्रीला आला, म्हणजे तो काही काळ उपलब्ध झाला, एवढाच त्याचा अर्थ असतो. युबिसॉफ्टने २०१४ साली आणलेला ‘द क्रू’ हा गेम लोकांनी पूर्ण किंमत देऊन घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. याउलट, डीआरएमविना प्रकाशित झालेला गेम एकदा लोकांच्या हाती पोहोचला की त्यांच्याकडून तो काढून घेता येत नाही. ‘वॉरक्राफ्ट’चे पहिले दोन भाग २०१९ मध्ये गॉगवर आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते बनवणाऱ्या ब्लिझार्ड या कंपनीच्या सांगण्यावरून विक्रीतून काढले गेले; पण त्या साडेपाच-सहा वर्षांत ज्यांनी ते घेतले त्यांच्याकडे ते आजही आहेत, आणि दुकानानेही अशा ग्राहकांसाठी ते चालते ठेवण्याची जबाबदारी स्वीकारली. खेळाडू एखाद्या गेमची वाट का पाहतात आणि तो येणार की नाही याचे धागेदोरे का शोधत बसतात, याचे उत्तर या फरकात आहे. विक्रीची खिडकी कधी उघडेल आणि किती काळ उघडी राहील, हे कोणीच सांगत नाही.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले, की २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज कोणत्याही अधिकृत मार्गाने विकत मिळत नाहीत. जुन्या सीडी जपून ठेवलेल्यांचीही यातून सुटका नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणास्तव सेफडिस्क या जुन्या नक्कल-प्रतिबंधक यंत्रणेचा आधार काढून घेतला आणि २००० च्या आसपासच्या असंख्य अस्सल सीडी एका फटक्यात निरुपयोगी ठरल्या. प्रामाणिकपणे पैसे मोजलेल्या ग्राहकाची सीडी चालत नाही आणि बंधन तोडलेली चोरटी प्रत मात्र चालते, ही स्थिती मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

आता अंदाजांकडे येतो. एखादा गेम परत येणे हे जितके तंत्रज्ञानावर अवलंबून असते, त्याहून अधिक मालकीच्या कागदपत्रांवर अवलंबून असते. तांत्रिक बाजू अवघड असली तरी आटोक्यातली आहे : डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरच्या गेमसाठी डॉसबॉक्स हे सॉफ्टवेअर आहे, अनेक जुन्या साहसी गेम्ससाठी तसेच स्कमव्हीएम आहे, आणि जुनी ग्राफिक्स प्रणाली आजच्या कार्डांना समजावी म्हणून मधला थर लिहिणारे कुशल लोकही आहेत. मालकीचा गुंता मात्र कधीकधी विलक्षण असतो. ‘सिस्टम शॉक २’ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९९९ मध्ये आलेला हा गेम लुकिंग ग्लास स्टुडिओज आणि इरॅशनल गेम्स यांनी मिळून केला होता. २००० साली लुकिंग ग्लास बंद पडली. गेमचे हक्क एका अमेरिकी विमा कंपनीकडे गेले आणि नावाचा ट्रेडमार्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे राहिला. २००८ मध्ये गॉग सुरू झाल्यावर हा गेम तेथील इच्छायादीत, म्हणजे खेळाडू आपल्याला हव्या असलेल्या गेम्सना मते देतात त्या यादीत, अग्रस्थानी असलेल्या गेम्सपैकी एक होता आणि तो येणार, येणार असे खेळाडू म्हणत राहिले. २०१२ मध्ये स्टीफन किक हे गेम कलाकार मध्य अमेरिकेत भटकंती करत असताना त्यांना तो पुन्हा खेळावासा वाटला. जवळची प्रत चालेना, विकत कोठे मिळेना, तेव्हा त्यांनी शोध घेत थेट त्या विमा कंपनीशी पत्रव्यवहार केला. त्यातूनच नाइटडाइव्ह स्टुडिओज ही संस्था उभी राहिली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘सिस्टम शॉक २’ गॉगवर आला. विमा कंपनीला व्हिडिओ गेमशी कर्तव्य नव्हते. पण या गेमला गिऱ्हाईक आहे, याचा पुरावा इच्छायादीतल्या मतांच्या रूपाने आधीच तयार होता. खेळाडूंचे अंदाज आणि मागणी निष्फळ नसतात, असे मी म्हणतो ते अशा घटनांच्या आधारावर.

हेच प्रयत्न ‘नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर’ या गेमच्या बाबतीत फसले. मोनोलिथने तयार केलेला आणि फॉक्स इंटरॅक्टिव्हने २००० साली प्रकाशित केलेला हा गेम. पुढे मोनोलिथ वॉर्नर ब्रदर्सकडे गेली. फॉक्स इंटरॅक्टिव्ह विवेंडीकडे आणि विवेंडीचा गेम विभाग ॲक्टिव्हिजनमध्ये विलीन झाला. खुद्द फॉक्सचा चित्रपट व्यवसाय २०१९ मध्ये डिस्नेने घेतला. २०१४ च्या सुमारास नाइटडाइव्हने वॉर्नर ब्रदर्स, ॲक्टिव्हिजन आणि फॉक्स यांच्याशी बोलणी करून पाहिली, तेव्हा आपल्याकडे नेमके कोणते हक्क आहेत हे या बलाढ्य कंपन्यांनाही खात्रीने सांगता आले नाही, आणि जुनी कागदपत्रे धुंडाळण्याचा खर्च करायला कोणी तयार झाले नाही. आजही दरवर्षी कोणीतरी म्हणते, की यंदा हा गेम येणार. येथे मी आशावादी नाही. पण हा गुंता इतक्या तपशिलाने लोकांना माहीत आहे तो कोणत्याही कंपनीच्या पत्रकामुळे नव्हे, तर गेल्या दहा वर्षांत खेळाडूंनी आणि काही चिकाटीच्या पत्रकारांनी तो उलगडल्यामुळे माहीत आहे, याची नोंद घ्यायला हवी.

अंदाज बांधण्याची एक पद्धत असते आणि ती समजून घेतली तर चांगला अंदाज व पोकळ बातमी यांतला फरक कळतो. सर्वांत भक्कम आधार वयोगट ठरवणाऱ्या मंडळांच्या नोंदींचा. गेम विकण्यापूर्वी प्रकाशकाला अनेक देशांत असे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यासाठी वेळ व पैसा खर्च करावा लागतो. त्यामुळे जुन्या गेमची ताजी नोंद दिसली, तर पडद्याआड काहीतरी हालचाल आहे असे मानायला जागा असते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘मेटल गियर सॉलिड’च्या पहिल्या दोन भागांची पीसीसाठीची नोंद तैवानच्या मंडळाकडे झाल्याचे लोकांच्या लक्षात आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कोनामीचे हे गेम गॉगवर विक्रीला आले. त्यानंतर काही दिवसांतच ‘सायलेंट हिल ४’ही आला, त्याचीही युरोपीय मंडळाकडील नोंद आधी दिसली होती. याच गेम्सचा पुढचा इतिहास मात्र खेदजनक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘मेटल गियर सॉलिड’चा दुसरा भाग कोनामीने विक्रीतून काढून घेतला, कारण त्यात वापरलेल्या ऐतिहासिक चित्रफितींच्या परवान्यांची मुदत संपली होती.

दुसरा विश्वसनीय आधार प्रकाशकाच्या वागण्याचा. एखाद्या कंपनीने एकदा या दुकानाशी करार केला आणि तो तिला फायद्याचा वाटला, की तिचे बाकीचे जुने गेम्सही येण्याची शक्यता वाढते. कॅपकॉमचा ‘रेसिडेंट एव्हिल’ जून २०२४ मध्ये गॉगवर आला आणि सप्टेंबरपर्यंत त्याचे दुसरे व तिसरे भागही आले. तेव्हाच जाणकारांनी म्हटले होते, की आता ‘डिनो क्रायसिस’ची पाळी. जानेवारी २०२५ मध्ये गॉगने आपल्या जुन्या इच्छायादीच्या जागी ‘ड्रीमलिस्ट’ ही नवी मतदान यंत्रणा सुरू केली, आणि तिच्याबरोबरच ‘डिनो क्रायसिस’चे दोन्ही भाग विक्रीला आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ब्रेथ ऑफ फायर ४’ आला. हा तर्क कोणालाही आतली बातमी न मिळता, केवळ कंपनीच्या जुन्या सूचीचा आणि तिच्या सवयींचा अभ्यास करून बांधलेला होता.

याच्या तुलनेत ट्रेडमार्कच्या नूतनीकरणाला मी फार महत्त्व देत नाही. कंपन्या आपली नावे दुसऱ्याने घेऊ नयेत म्हणून तसेही नूतनीकरण करतच असतात. ‘यंदा या गेमला पंचवीस वर्षे होत आहेत, म्हणजे तो येणारच’ हा तर सर्वांत दुबळा तर्क आहे.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. नव्वदीच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या दशकात पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत, सायबर कॅफेत किंवा शेजाऱ्याच्या नव्या संगणकावर वाढलेल्या मराठी मुलांना ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड २’ ही नावे सांगावी लागत नाहीत. हे गेम गॉगवर कधी येणार, हा प्रश्न भारतीय खेळाडू हमखास विचारतात. खोटी आशा दाखवण्यापेक्षा अडचण सांगणे मला अधिक योग्य वाटते. ‘रोड रॅश’च्या १९९६ च्या पीसी आवृत्तीत साउंडगार्डन, मॉन्स्टर मॅग्नेट अशा बँडची खरी गाणी आहेत, ती पुन्हा वापरायची तर संगीत कंपन्यांशी नव्याने करार करावे लागतील. ‘नीड फॉर स्पीड २’मध्ये फेरारी, मॅक्लारेन, जॅग्वार यांच्या खऱ्या गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडीमागे तिच्या कंपनीची परवानगी आहे. संगीताच्या हक्कांमुळेच २०१९ मध्ये विक्रीतून बाद झालेला ‘अल्फा प्रोटोकॉल’ मार्च २०२४ मध्ये मूळ संगीतासह गॉगवर परतला, म्हणजे हे अशक्य नाही. परंतु त्यासाठी प्रकाशकाला परतावा दिसावा लागतो. आपल्या खेळाडूंपैकी ज्यांना या गेम्सविषयी खरोखर आस्था आहे त्यांनी चोरट्या प्रतीवर समाधान मानण्याऐवजी ड्रीमलिस्टवर आपले मत नोंदवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भारतातून मागणी आहे हे नोंदीत दिसले नाही, तर ती विचारात तरी कोण आणि कशी घेणार?

दुकानावर आंधळा विश्वास ठेवावा, असे मात्र मी म्हणत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये गॉगने आपले संकेतस्थळ अचानक बंद केले आणि सध्याच्या स्वरूपात ते चालू ठेवता येणार नाही, असा संदेश लावला. ग्राहक हादरले. काही दिवसांनी कळले, की हा नव्या संकेतस्थळाच्या प्रसिद्धीचा भाग होता. कंपनीने माफी मागितली, पण ज्या धंद्याचा पाया विश्वास आहे त्यात असा प्रकार होणे मला आजही अक्षम्य वाटते. डिसेंबर २०२० मध्ये रेड कँडल गेम्स या तैवानी संस्थेचा ‘डिव्होशन’ येणार असे जाहीर झाले आणि काही तासांतच, ‘गेमर्सकडून अनेक संदेश आले’ एवढेच कारण देऊन तो निर्णय फिरवला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘हिटमॅन’ हा गेम आला, तेव्हा त्याचा बराचसा भाग इंटरनेट जोडणीशिवाय उघडत नव्हता. ग्राहकांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर ऑक्टोबरमध्ये तो काढून टाकण्यात आला. या शेवटच्या प्रसंगात खेळाडूंची दक्षता कामी आली, हे विशेष नमूद करतो. येणाऱ्या गेमविषयी जे लोक महिनोन्‌महिने बारकाईने विचार करत असतात, तेच तो आल्यावर नियमात बसतो की नाही हेही तितक्याच बारकाईने तपासतात.

या व्यवहारात खेळाडूंच्या बाजूनेही चुका होतात. एखाद्या नोंदीचा अर्धवट आधार घेऊन ‘अमुक गेम निश्चित’ असे छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ निघतात. ठरलेल्या दिवशी काहीच येत नाही आणि मग रोष दुकानाच्या सामान्य कर्मचाऱ्यांवर निघतो, ज्यांनी असे कोणतेही वचन दिलेले नसते. चालू असलेली बोलणी वेळेआधी फुटली, तर हक्कधारक बिथरू शकतो, याचाही विचार व्हायला हवा. अंदाज जरूर बांधावा, पण तो अंदाज म्हणूनच मांडावा आणि त्यामागचा आधार सोबत सांगावा.

सध्या या चर्चेला आणखी एक कारण मिळाले आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सीडी प्रोजेक्टने गॉग हे दुकान आपले सहसंस्थापक मिहाऊ किचिंस्की यांना विकत असल्याचे जाहीर केले. डीआरएमविना विक्रीचे धोरण कायम राहील, असे सांगण्यात आले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये शंभर गेम्सपासून सुरू झालेला जतन उपक्रम, ज्यात जुना गेम पुढच्या काळातील संगणकांवरही चालता ठेवण्याची हमी दुकान स्वतः घेते, त्याचा विस्तार नव्या व्यवस्थेत कोणत्या वेगाने होतो, यावर खेळाडूंचे लक्ष राहील. माझेही आहे.

आपल्या दैनिकास माझ्या दोन विनंत्या आहेत. तंत्रज्ञानविषयक पुरवणीत मोबाइल आणि ॲपबरोबरच जुन्या गेम्सच्या पुनर्प्रकाशनालाही महिन्यातून एखादा रकाना द्यावा आणि तेथे कोणताही अंदाज छापताना तो वयोगट मंडळाच्या नोंदीवर आधारलेला आहे, कंपनीच्या निवेदनावर की निव्वळ ऐकीव माहितीवर, हे स्पष्ट लिहावे. दुसरे असे, की गेमची बातमी देताना तो विकत घेणाऱ्याला स्वतंत्र इन्स्टॉलर मिळतो की केवळ काढून घेता येण्याजोगा परवाना, ही माहिती किमतीच्या शेजारी द्यावी. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल वस्तू विकणाऱ्यांना हा खुलासा ग्राहकासमोर करणे बंधनकारक केले आहे, आणि कायमस्वरूपी उतरवून घेता येणाऱ्या वस्तूंना त्यातून वगळले आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. गेम्ससारख्या डिजिटल वस्तूंच्या परवान्याबाबत असाच स्पष्ट नियम भारतातही व्हावा, ही मागणी आपल्या स्तंभांतून पुढे यावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, नाशिक